खिशातली प्रत

गेल्या हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोपासून तासाभराच्या अंतरावर जुन्या कागदांचा बाजार भरला होता. मोठा हॉल, लांबलचक टेबलं, टेबलांवर खोकी आणि खोक्यांत उभे लावलेले कागद. नकाशे, हॉटेलांची मेन्यूकार्डं, रेल्वेचे पास, कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका. अशा ठिकाणी मी परवाने शोधत हिंडतो. पुण्यात होतो तेव्हा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून सायकलचे बिल्ले आणि पोस्टानं दिलेली रेडिओ लायसनची पुस्तकं गोळा करायचो. देश बदलला, खोड गेली नाही.

त्या दिवशी हाती आला तो परवाना नव्हता. चिनी मजुराला अमेरिकेत राहू देण्याचा दाखला होता, १८९४ सालचा. मजकूर छापील, मधल्या जागा कारकुनाच्या तिरक्या अक्षरात भरलेल्या. नाव, वय, गाव, धंदा, उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग, अंगावरची खूण. धंदा: स्वयंपाकी. खूण: उजव्या भुवईवर व्रण. डावीकडे फोटो, पण त्यात तो व्रण काही दिसत नव्हता. कागदाच्या घड्या इतक्या वेळा उघडल्या-मिटल्या होत्या की एका ठिकाणी तो फाटला होता आणि मागून कुणीतरी कापडाची पट्टी चिकटवली होती, बहुधा खळ लावून. प्लॅस्टिकच्या पाकिटावरची किमतीची चिठ्ठी बरोबर त्या माणसाच्या हनुवटीखाली आली होती. मी निरखून बघतोय हे पाहून विक्रेता म्हणाला, "फोटो झकास आहे, पण घड्या फार. घड्या नसत्या तर दुप्पट सांगितले असते."

घड्यांनी किंमत उतरते, या एका वाक्यात आमच्या छंदाचं सगळं दुखणं आलं.

त्या घड्या पडल्या कशा? १८८२ साली अमेरिकेनं चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली. जे आधीच आलेले होते त्यांच्या मागे १८९२चा गिअरी कायदा लागला. वर्षाच्या आत नोंदणी करायची, दाखला घ्यायचा. दाखल्याशिवाय सापडलेला चिनी मजूर बेकायदाच धरला जाई, आणि आपण तसे नाही हे सिद्ध करायला त्याला किमान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार आणावा लागे. 'गोरा' हा शब्द माझा नव्हे, कायद्याच्या मजकुरातला आहे. लोकांनी या कायद्याला कुत्र्याच्या बिल्ल्याचा कायदा असं नाव पाडलं होतं. 'सिक्स कंपनीज' नावानं ओळखल्या जाणाऱ्या चिनी मंडळांनी नोंदणी करू नका असं बजावलं, आणि मुदत संपेपर्यंत बहुतेकांनी ती केलीही नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे १८९३मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी कायदा टिकला. नोव्हेंबरात सरकारनं सहा महिने मुदत वाढवून दिली आणि त्याबरोबर एक अटही वाढवली. आता दाखल्यावर फोटो हवा.

म्हणजे आमच्या या स्वयंपाक्यानं बहुधा पहिली मुदत जाऊ दिली होती. तेव्हाच गेला असता तर त्याच्या दाखल्यावर फोटो नसता. मंडळांचं ऐकून तो थांबला, कोर्टात हरल्याचं कळल्यावर निमूट जाऊन उभा राहिला, आणि त्याचा फोटो काढला गेला. बाजारात 'फोटोसह' म्हणून ज्याचा भाव चढतो, तो मोडून पडलेल्या असहकाराचा पुरावा आहे. विक्रेत्याला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यानं भाव आणखी चढवला असता, हेही खरं.

इथल्या चिनी माणसाच्या बाबतीत धंद्याचा परवाना आणि ओळखीचा कागद यांत फरक करणं अवघडच आहे. १८५० साली कॅलिफोर्नियानं सोन्याच्या खाणींवर आलेल्या परदेशी माणसाकडून दरमहा वीस डॉलरचा परवाना मागितला. ओरड झाली, तो रद्द झाला. १८५२त तीन डॉलरचा आला, पुढच्या वर्षी चारचा झाला. कागदावर शब्द 'परदेशी खाणकामगार', वसुली मुख्यतः चिन्यांकडून. त्या पावत्यांवर आज संग्राहकांच्या उड्या पडतात. माझ्याकडेही एक आहे. पुढे १८८०त सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवानगी सक्तीची झाली. शहरातल्या सुमारे ३२० लाँड्र्यांपैकी ३१० लाकडीच होत्या. अर्ज करणाऱ्या दोनशेएक चिन्यांपैकी एकालाही परवानगी मिळाली नाही, बाकीच्या ऐंशीएक जणांपैकी एक वगळता सगळ्यांना मिळाली. १८८६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा पक्षपात घटनाबाह्य ठरवला. तो 'यिक वो' खटला अमेरिकेत वकिलीचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. मात्र यिक वो हे लाँड्रीचं नाव होतं. माणसाचं नाव ली यिक. दुकानाच्या पाटीवरचं नाव कागदावर माणसाचं म्हणून चढलं आणि तेच कायम झालं.

असले कागद विकावेत का, विकत घ्यावेत का, घेतले तर त्यांचं करायचं काय, यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक म्हणतं, माणसाच्या हालांचा बाजार मांडू नये, सगळं सरकारी अभिलेखागारात जमा करावं. दुसरं म्हणतं, मी पैसे मोजले, रद्दीतून वाचवलं, आता ते माझं. पहिलं मत नैतिक वाटतं पण आळशी आहे. दुसरं निदान प्रामाणिक आहे.

मला यात आपल्या कचेऱ्यांमधला एक साधा शब्द उपयोगी पडतो: स्थळप्रत. सरकारी कागद निघतो तेव्हा एक प्रत माणसाच्या हातात जाते आणि एक कचेरीत राहते. कचेरीतली ती स्थळप्रत. तिच्याबद्दल वाद नको. ती सार्वजनिक नोंद आहे, बाजारात दिसली तर चोरीची तरी असणार किंवा कुणा साहेबानं बेफिकिरीनं रद्दीत घातलेली तरी. आपल्याकडे केंद्राचा १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, त्यात नियम डावलून सरकारी अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गिअरी कायद्यातही दाखल्याची दुसरी प्रत कचेरीत ठेवायची होती, आणि बंदीच्या काळातल्या चिनी माणसांच्या फायली आजही सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघायला मिळतात. माहिती हवी असेल तर ती तिथं आहे.

बाजारात येते ती दुसरी प्रत, खिशातली. तिच्यात जे आहे ते स्थळप्रतीत नाही. घड्या नाहीत, घामाचा डाग नाही, मागची कापडाची पट्टी नाही, पाठीवर पेन्सिलीनं मांडलेला कसलासा हिशेब नाही. सरकारनं त्या माणसाबद्दल काय लिहिलं ते दोन्ही प्रतींत आहे. त्या माणसानं कागदाचं काय केलं ते फक्त या एका प्रतीत आहे. पोलिसानं हटकल्यावर तो किती वेळा उलगडला गेला, हे घडीच्या झिजलेल्या रेघेवरून कळतं. आणि आमचा बाजार त्याच रेघेपायी भाव पाडतो. कोऱ्या करकरीत दाखल्याला सगळ्यात जास्त पैसे मिळतात. म्हणजे जो कधी खिशात गेलाच नाही त्याला.

यावर छंदातले मित्र म्हणतात, "अरे, मग नाणी, तिकिटं, जुनी पत्रं? तीही कुणाची तरीच होती." होती की. पण पत्र माणसानं आपखुशीनं लिहिलेलं असतं आणि नाणं कुणा एकाचं नसतं. हा कागद त्या माणसानं मागितला नव्हता, त्याला तो टाकून देता येत नव्हता, आणि तो जवळ नसताना सापडणं म्हणजे हद्दपारीला तोंड देणं होतं.

ज्यांना टाकून देता आला त्यांनी काय केलं तेही पाहावं. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी आणि दाखला बाळगावा असा कायदा झाला, त्यावरून गांधीजींचा लढा उभा राहिला. तिथले चिनीही त्यात होते. १६ ऑगस्ट १९०८ला जोहान्सबर्गमध्ये हमीदिया मशिदीच्या आवारात मोठी लोखंडी कढई ठेवून दोन हजारांहून जास्त दाखले तीत टाकले, रॉकेल ओतलं आणि पेटवून दिले. लोक टाळ्या वाजवत होते. आता समजा, त्यातला न जळलेला एक दाखला उद्या लिलावात आला. 'दुर्मीळ' असं त्याचं वर्णन होईल, आणि दुर्मीळ तो असेलच, कारण त्याचे सोबती जाळले गेले. तो विकत घेऊन जपणारा कुणाच्या इच्छेचा मान राखतो? जाळणाऱ्यांच्या नक्कीच नाही. तरीही तो जपावा असंच मला वाटतं. पण जपताना एवढं लक्षात असावं की आपण कारकुनाची बाजू जपतो आहोत, आणि दुसरी बाजू त्याच्या शेजारी ठेवण्याची जबाबदारी आपली आहे.

खरेदी-विक्रीपेक्षा मोठं नुकसान वेगळ्याच गोष्टीनं होतं. ते म्हणजे गठ्ठा फोडणं. एखाद्या घरातून कागदांचं पुडकं निघतं. त्यात दाखला, पावत्या, फोटो, गावाकडची दोन पत्रं, लाँड्रीची वही. विक्रेता ते फोडतो, कारण सुटं विकलं की जास्त मिळतं. दाखला एकाकडे, फोटो दुसऱ्याकडे, वाचता न येणारी पत्रं कचऱ्यात. आपल्याकडे हेच तिकिटांपायी झालं. संस्थानी रेव्हेन्यू आणि कोर्ट फी स्टँप जमवणाऱ्यांनी दस्तऐवजांवरून स्टँप कापून घेतले आणि राहिलेला कागद रद्दीत दिला. मी स्वतः जुन्या बाजारात अशा कात्रणांचा डबा विकत घेतला आहे. तेव्हा विशीत होतो, नुसते रंग बघायचो. एका कात्रणाच्या कडेला मोडीतली अर्धी ओळ आहे. तिचा उरलेला अर्धा भाग कुठल्या भट्टीत गेला कोण जाणे.

हा नुसता हळहळीचा विषय नाही, हे महाराष्ट्रात तरी सांगायची गरज पडू नये. जातीच्या दाखल्यासाठी आपल्याकडे बापजाद्यांचा कागद लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा. गाव नमुना १४, कोतवाल बुकाची नक्कल, आजोबांचा शाळेचा दाखला, जे हाती लागेल ते. ज्याच्या आजोबांना गावही नव्हतं आणि शाळाही नव्हती त्यानं काय आणायचं? १८७१च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला पास घ्यावा लागे. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. त्या अपमानाचा एखादा कागद घरात उरला असेल तर नातवाला आज तोच उपयोगी पडू शकतो. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला होता. एका ओळीवर माणसांचं शिक्षण आणि नोकरी ठरते. अशा वेळी तो कागद कुणाच्या तरी दिवाणखान्यात फ्रेमीत लटकत असेल, आणि तो तिथं आहे हे नातवाला माहीतच नसेल, तर ती मालकी मला पटत नाही.

मग सगळे कागद नावानिशी इंटरनेटवर टाकावेत का? मी बरीच वर्षं असंच म्हणायचो. १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोचं जन्मनोंदीचं दप्तर जळालं. त्याचा फायदा घेऊन अनेक चिनी पुरुषांनी आपण इथंच जन्मलो असं सांगितलं, नागरिकत्व मिळवलं. नागरिकाच्या मुलांना इथं येता येई, म्हणून चीनमध्ये आपल्याला मुलगे आहेत असं नोंदवून त्या मुलग्यांच्या जागा विकल्या. त्या कागदांवर दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा बनून हजारो तरुण आले. कागदी मुलगे म्हणतात त्यांना. पन्नाशीच्या दशकात सरकारनं कबुली द्या म्हणून मोहीम काढली, ती अनेक घरांत भीती पेरून गेली. अशा घराण्याचा दाखला मी नावानिशी जाहीर केला तर मी कुणाचं नाव परत मिळवून देतो की कुणाचं गुपित फोडतो? नाव खोटं असेल, भीती खरी होती. म्हणून आता माझं मत बदललं आहे. कागदाची प्रत आधी घरच्यांपर्यंत किंवा त्या समाजाच्या इतिहास मंडळापर्यंत गेली पाहिजे, जाहीर करायची की नाही ते त्यांनी ठरवावं.

हे होऊ शकतं, होतंही आहे. २००८पासून साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह ही संस्था घरोघरच्या कागदांच्या प्रती घेते आणि मूळ कागद घरीच राहू देते. त्यांच्या संग्रहात पेशावरहून १९१५त आलेल्या वैष्णोदास बगाईंचे कागद आहेत. १९२१त ते अमेरिकन नागरिक झाले. १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या भगतसिंग थिंद निकालात हिंदी माणूस 'गोरा' नाही असं ठरलं आणि नागरिकत्व काढून घेतलं गेलं. मालमत्ता विकावी लागली, भारतात जायला अमेरिकन पासपोर्ट नाकारला. १९२८त त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नीच्या, कला बगाईंच्या नावाचा रस्ता आज बर्कलीत आहे. ते नागरिकत्वाचे कागद कुटुंबानं जपले म्हणून त्या रस्त्याच्या नावामागची गोष्ट पूर्ण सांगता येते. तेच पुडकं एखाद्या लिलावात सुटं सुटं विकलं गेलं असतं, तर एका संग्राहकाकडे 'सुंदर शिक्क्याचा नमुना' उरला असता.

बंदी घालावी असं मी म्हणत नाही. बंदीनं माल तळघरात जातो. आणि जिथं दुःखाला भाव येतो तिथं नकली माल येतोच. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात गुलामीच्या काळात गुलामांना मजुरीवर पाठवण्यासाठी धंदा, नंबर आणि साल कोरलेले तांब्याचे बिल्ले घ्यावे लागत. आज त्यांच्या नकला इतक्या निघतात की खरा ओळखायला जाणकार लागतो. त्यापेक्षा लिलाव करणाऱ्यांवर दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. माणसाचं नाव आणि चेहरा असलेला कागद विकण्याआधी दोन्ही बाजूंची प्रत संबंधित अभिलेखागाराला किंवा मंडळाला फुकट द्यायची. आणि एका घरातून आलेला गठ्ठा फोडायचा नाही. वंशज पुढे आला तर त्याला त्याच किमतीत पहिला हक्क द्यावा, हे तिसरं. पण ते कायद्यात बसवणं कठीण आहे, तूर्त रिवाज म्हणून चाललं तरी पुष्कळ. यानं धंदा बुडत नाही. मूळ कागद विकला जातोच.

संग्राहकांचं ऋण मात्र मान्य केलं पाहिजे. कित्येक वस्तुसंग्रहालयांना लाँड्रीच्या पावत्या नको होत्या तेव्हा आमच्यासारख्या खुळ्यांनीच त्या उचलल्या. म्हणूनच ही शिस्त बाहेरून लादली जाण्याआधी आम्ही आपणहून पाळावी असं वाटतं.

तो दाखला मी घेतला. घासाघीस केली नाही, घड्यांबद्दल तर नाहीच. दोन्ही बाजू स्कॅन करून इथल्या एका चिनी इतिहास मंडळाला पाठवल्या आहेत, अजून काही कळलेलं नाही. कपाटात तो माझ्याच कागदांच्या खोक्याशेजारी ठेवला. त्या खोक्यात अमेरिकेत शिरताना पासपोर्टला टाचलेली आय-९४ची पांढरी चिठ्ठी आहे, व्हिसाची मंजुरीपत्रं आहेत, आणि नागरिकत्व घेतल्यावर रद्दचा शिक्का मारून परत आलेला भारतीय पासपोर्ट. तो तर कायद्यानं कायम भारत सरकारच्याच मालकीचा, मला विकताही येणार नाही. खोक्यावर मार्करनं 'फोडू नये' असं मराठीत लिहिलं. मुलीनं ते अक्षर जुळवून जुळवून वाचलं आणि विचारलं, "बाबा, पण हे सगळं घेणार कोण?"

स्वयंपाक्याच्या घरातही हेच कुणीतरी म्हटलं असणार.